तान्ह्याच्या यकृतातली गाठ : घाबरू नका, पण थांबूही नका

गाठ म्हटले की आपल्या घरांत पहिला विचार कॅन्सरचाच येतो. त्यात ती गाठ आठ-दहा दिवसांच्या लेकराच्या यकृतात निघाली, तर घरातल्यांच्या तोंडचे पाणी पळते. बाळंतीण रडत बसते, बाप सोनोग्राफीचा कागद घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतो आणि शेजारीपाजारी जमेल तसा सल्ला देतात. कोणी म्हणते, आता काही खरे नाही. कोणी म्हणते, काही होत नाही, आपोआप जिरेल. दोन्ही सल्ले न तपासता दिलेले असतात आणि दोन्ही बाळाला महागात पडू शकतात.

या महिन्यात आरोग्याच्या पानावर आम्ही याच विषयावर जरा सविस्तर लिहीत आहोत. विषय नवा वाटेल, पण अवघड नाही. तीन गोष्टी आधीच सांगून टाकतो. पहिली, तान्ह्या बाळाच्या यकृतात सापडणाऱ्या बऱ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात. दुसरी, गाठ साधी असली तरी ती कोणत्या जातीची आहे हे कळेपर्यंत स्वस्थ बसायचे नसते, कारण काही साध्या गाठीही बाळाच्या हृदयावर आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करतात. तिसरी, यासाठी लागणाऱ्या बहुतेक तपासण्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत होतात. त्या कशा मागायच्या हे आपल्याला माहीत पाहिजे.

बाळाचे यकृत वेगळे असते

यकृत म्हणजे आपण ज्याला लिव्हर म्हणतो ते. पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड त्याची जागा. पित्त तयार करणे, साखर साठवून ठेवणे, रक्त गोठण्यासाठी लागणारे घटक बनवणे, औषधांचा आणि विषारी द्रव्यांचा निचरा करणे ही सगळी कामे ते करते. बाळ पोटात असताना तर रक्ताच्या पेशी तयार करण्याचे कामही बराच काळ यकृतच करते. म्हणून जन्माच्या वेळी ते चांगलेच मोठे असते. वजनाच्या मानाने बघितले तर बाळाचे यकृत मोठ्या माणसाच्या यकृताच्या साधारण दुप्पट भरते.

याचा एक उपयोगाचा अर्थ आहे. तान्ह्या बाळाच्या उजव्या बरगडीखाली यकृताची कड एक-दोन बोटे हाताला लागणे हे नेहमीचे असते. त्याला आजार म्हणत नाहीत. पण ती कड खूप खाली, बेंबीपर्यंत लागत असेल, पोट एका बाजूला कडक वाटत असेल किंवा आठवड्यागणिक फुगत असेल, तर तपासणी झालीच पाहिजे.

दुसरी गोष्ट नाळेची. आईच्या पोटात असताना बाळाला जे रक्त मिळते, ते नाळेतल्या शिरेतून येते आणि ती शीर थेट यकृताकडे जाते. जन्मानंतर नाळ कापली तरी हा रस्ता लगेच बंद होत नाही. बेंबीतला जंतुसंसर्ग यकृतापर्यंत पोचू शकतो तो या वाटेने. त्याबद्दल पुढे बोलूच.

गाठ कळते कशी?

काही वेळा जन्माच्या आधीच कळते. सातव्या-आठव्या महिन्यात केलेल्या सोनोग्राफीत बाळाच्या यकृतात गोळा दिसतो. अशा वेळी डॉक्टर पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करायला सांगतात, बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करा म्हणतात. हा सल्ला पैशासाठी दिला असे समजून टाळू नका. गाठ मोठी असेल तर जन्मताच बाळाला विशेष काळजी लागू शकते आणि ती सोय गावच्या दवाखान्यात नसते.

काही वेळा जन्मानंतर डॉक्टर किंवा नर्स पोट तपासताना गोळा हाताला लागतो. आणि काही वेळा बाळाची आईच पहिल्यांदा ओळखते. आंघोळ घालताना तिच्या लक्षात येते की पोट पूर्वीपेक्षा मोठे झाले आहे, बाळ दूध ओढताना दमते आहे, कपाळाला घाम येतो आहे. आईने हे सांगितले तर "तुला उगीच वाटतंय" म्हणून तिला गप्प करू नये. दिवसरात्र बाळ तिच्या हातात असते.

चौथा मार्ग कातडीचा आहे आणि तो घरच्या घरी बघता येतो. काही बाळांच्या अंगावर जन्मानंतर दोन-चार आठवड्यांत लाल, उठावदार, मऊ डाग येतात. हळूहळू ते मोठे होतात. ती रक्तवाहिन्यांची वाढ असते. डॉक्टर तिला हिमँजिओमा म्हणतात. सावळ्या कातडीवर हे डाग भडक लाल न दिसता जांभळट किंवा गडद दिसतात, त्यामुळे नीट उजेडात बघावे लागते. एखाद-दुसरा डाग असेल तर सहसा चिंतेचे कारण नसते, फक्त डोळ्याजवळ, ओठांवर किंवा लंगोटाच्या जागी असेल तर दाखवावा. पण असे पाच किंवा त्याहून जास्त डाग असतील, तर यकृताची सोनोग्राफी करून घ्यावी असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण तशाच गाठी आत यकृतातही असू शकतात. हाताची पाच बोटे लक्षात ठेवा, म्हणजे हा नियम विसरणार नाही. कमरेवर आणि ढुंगणावर जन्मापासून असणारे निळसर सपाट डाग वेगळे. ते पुष्कळ बाळांना असतात आणि त्यांचा यकृताशी संबंध नसतो.

सगळ्या गाठी एका जातीच्या नसतात

तान्ह्या बाळात सगळ्यांत जास्त सापडणारी गाठ म्हणजे वर सांगितलेली रक्तवाहिन्यांची गाठ. तिचेही प्रकार आहेत. एक प्रकार जन्माच्या वेळीच पूर्ण वाढलेला असतो. बहुधा एकच गाठ असते, आणि वर्ष-सव्वा वर्षात ती आपोआप आकसत जाते. दुसऱ्या प्रकारात यकृतात अनेक छोट्या गाठी असतात. त्या जन्मानंतरचे काही महिने वाढतात आणि मग सावकाश कमी होतात. तिसऱ्या प्रकारात जवळजवळ सगळे यकृत गाठींनी भरून जाते. हा प्रकार कमी आढळतो, पण तोच धोक्याचा. यकृत इतके फुगते की बाळाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. गाठींतून खूप रक्त वाहत असल्याने हृदयावर ताण येतो. आणि या गाठी थायरॉइडचे संप्रेरक मोडून टाकतात, त्यामुळे बाळाच्या शरीरात त्याची तूट पडते. पहिल्या वर्षात मेंदूच्या वाढीसाठी हे संप्रेरक फार गरजेचे असते. ही तूट वेळेवर भरून काढली नाही तर बाळाची बुद्धी आणि वाढ दोन्ही मागे पडतात. गाठ कॅन्सरची नाही म्हणून निर्धास्त राहू नका, असे आम्ही सुरुवातीला म्हटले ते यासाठी.

काही गाठी पाण्याने भरलेल्या असतात. यकृतातली साधी पाण्याची पिशवी बहुतेक वेळा त्रास देत नाही, फक्त तिच्यावर नजर ठेवतात. पित्ताच्या नळीला आलेला फुगा मात्र ऑपरेशन करून काढावा लागतो. लहान-मोठ्या पाण्याच्या कप्प्यांची बनलेली आणखी एक गाठ पहिल्या दोन वर्षांत सापडते. तीही कॅन्सरची नसते, पण वाढत जाते म्हणून सहसा काढतात.

कॅन्सरच्या गाठीही असतात. त्यांतली लहान मुलांत जास्त आढळणारी यकृताची गाठ म्हणजे हिपॅटोब्लास्टोमा. ती जन्मताच असणे दुर्मीळ, पण तीन वर्षांच्या आतल्या मुलांतच ती मुख्यतः होते. फार कमी दिवसांची आणि दीड किलोपेक्षा कमी वजनाची जन्मलेली बाळे जगली-वाढली, तरी त्यांच्यात हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे अशा बाळांची पोटाची तपासणी चुकवू नये. दुसरी गाठ मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीत सुरू होऊन यकृतात पसरते. तिला न्यूरोब्लास्टोमा म्हणतात. या आजाराची एक नवलाची गोष्ट अशी, की अगदी तान्ह्या बाळात तो यकृतात आणि कातडीत पसरलेला असतानाही अनेकदा आपोआप मागे हटतो. मोठ्या मुलांत तसे होत नाही. तेव्हा कॅन्सर हा शब्द कानावर पडला तरी आशा सोडायचे कारण नाही. नेमके नाव काय, बाळाचे वय काय, यावर सगळे ठरते.

तपासणी कोणती आणि कशासाठी?

पहिली तपासणी सोनोग्राफीची. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो, दुखत नाही, बाळ आईच्या मांडीवर असतानाही करता येते. सोबत डॉप्लर करतात, म्हणजे गाठीत रक्त किती आणि कसे वाहते ते दिसते. सोनोग्राफीवरून नक्की ठरले नाही तर एमआरआय करतात. आईबापाला वाटते, एवढ्याशा जिवाला त्या यंत्रात कसे घालायचे? बहुतेक तान्ह्या बाळांना दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवले की भूल न देताही एमआरआय होऊन जातो. सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असतो, म्हणून तो गरज असेल तरच.

रक्ताच्या तपासण्यांत रक्ताचे प्रमाण, प्लेटलेट, रक्त गोठण्याची क्षमता, यकृताचे काम आणि थायरॉइड बघतात. हृदयावर ताण आहे का, यासाठी इको करतात. न्यूरोब्लास्टोमाची शंका असेल तर लघवीही तपासतात.

एका तपासणीबद्दल मुद्दाम सांगतो, कारण तिच्यावरून घरे हादरून गेलेली आम्ही पाहिली आहेत. अल्फा फीटो प्रोटीन, म्हणजे कागदावर ज्याला एएफपी लिहितात ती. मोठ्या माणसात हा आकडा दहाच्या आत असतो. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर तोच नेहमीचा आकडा दिलेला असतो. पण नवजात बाळात एएफपी निरोगी असतानाही हजारोंच्या घरात असते आणि आठ महिने ते वर्षभरात हळूहळू खाली येते. कागदावर आकड्यापुढे लाल खूण आहे म्हणून बाळाला कॅन्सर आहे असे ठरत नाही. बाळाच्या वयाला तो आकडा योग्य आहे का आणि पुढच्या तपासणीत तो उतरतो आहे की चढतो आहे, हे डॉक्टरांना विचारा. एकट्या आकड्यावरून मोबाइलवर शोधाशोध करू नका.

सुईने तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, प्रत्येक गाठीला लागत नाही. रक्तवाहिन्यांच्या गाठीत सुई घातली तर रक्तस्राव होऊ शकतो. चित्रांवरून निदान पक्के होत असेल तर डॉक्टर ती टाळतात. पण कॅन्सरची शंका खरी असेल आणि डॉक्टरांनी कारण समजावून बायोप्सी सांगितली, तर "तुकडा काढला की रोग पसरतो" या ऐकीव गोष्टीपायी नकार देऊ नका.

उपचार : कधी नजर, कधी औषध, कधी ऑपरेशन

गाठ लहान आहे, बाळ दूध पिते, वजन वाढते, हृदय आणि थायरॉइड ठीक आहे, तर डॉक्टर म्हणतात, "सध्या काही करायचे नाही, इतक्या आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी." पुष्कळ लोकांना वाटते, औषधच दिले नाही म्हणजे आपल्याकडे लक्ष दिले नाही. तसे नसते. ठरलेल्या तारखेला पुन्हा तपासणे हाच इथे उपचार असतो. तारीख चुकवली तर मात्र तो उपचार अर्धवट राहिला.

वाढणाऱ्या, त्रास देणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या गाठींवर आज प्रोप्रानोलॉल हे औषध देतात. ते मुळात हृदयाचे आणि रक्तदाबाचे जुने, स्वस्त औषध. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांनी जाहीर केले की नाकावर अशी गाठ असलेल्या एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी हे औषध दिले, आणि दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग बदलून ती मऊ पडू लागली. मग इतर बाळांतही तोच गुण दिसला. त्याआधी मुख्यतः स्टिरॉइडवर भिस्त असे आणि त्याचे दुष्परिणाम बाळाला सोसावे लागत. एका औषधाचा असा नवा उपयोग सापडला आणि जगभरच्या बाळांना त्याचा फायदा झाला.

पण हे औषध घरी मनाने द्यायचे नाही. अगदी लहान बाळात ते रुग्णालयात देखरेखीखाली सुरू करतात, कमी मात्रेने, नाडी आणि साखर बघत. घरी आल्यावर हे नियम पाळा :

• औषध नेहमी दूध पाजताना किंवा पाजल्यावर लगेच द्या. उपाशी बाळाला देऊ नका. साखर एकदम उतरू शकते.
• बाळाला उलट्या होत असतील, ते दूध पीत नसेल, किंवा छातीत घरघर वाजत असेल, तर तो डोस थांबवा आणि लगेच डॉक्टरांशी बोला.
• मात्रा चमच्याने नको, सुई नसलेल्या सिरिंजने मोजा. गोळी अंदाजाने मोडून देऊ नका. कशी द्यायची ते रुग्णालयातच शिकून घ्या.
• बाळाचे वजन वाढते तशी मात्रा बदलते. म्हणून प्रत्येक भेटीत वजन करून घ्या.
• बाळ गार पडले, घामेजले, सुस्त झाले, हाक मारून उठेना, तर तो धोका समजा आणि लगेच रुग्णालय गाठा.
• गाठ लहान झाली म्हणून औषध मनाने बंद करू नका. ते सहसा निदान सहा महिने चालते.

थायरॉइड कमी असेल तर त्याची गोळी वेगळी दिली जाते. ती चुकवू नका. कॅन्सरच्या गाठीत आधी औषधांनी गाठ लहान करून मग ऑपरेशन करतात, किंवा आधी ऑपरेशन करून मग औषधे देतात. यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला निरोगी भाग वाढून काम सांभाळतो. ही ताकद शरीरातल्या फार थोड्या अवयवांत आहे. वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळालेली हिपॅटोब्लास्टोमाची बहुतेक मुले आज बरी होतात.

बेंबी, पू आणि रक्त

यकृतात दिसणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे वाढलेली गाठ नसते. कधी तो पू असतो. अतिदक्षता विभागात ठेवलेल्या, बेंबीतून नळी घातलेल्या किंवा रक्तात जंतू पसरलेल्या बाळात यकृतात पू धरू शकतो. बेंबी पिकली तरी तोच धोका. त्यावर शिरेतून जंतुनाशके काही आठवडे द्यावी लागतात, कधी सुईने पू काढावा लागतो.

यातला बेंबीचा भाग आपल्या हातात आहे. नाळेवर राख, शेण, हळद, तेल, काजळ, पावडर, काही म्हणजे काही लावायचे नाही. नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची, लंगोट तिच्याखाली बांधायचा. ती आपोआप गळून पडते. बेंबीभोवती लाली, सूज, पू किंवा वास आला तर त्याच दिवशी दाखवायचे.

कधी ते साकळलेले रक्त असते. पायाळू किंवा अवघड बाळंतपणात यकृताला मार लागून आत रक्त साचू शकते. बाळ एकाएकी पांढुरके पडते. म्हणून जन्मल्याबरोबर व्हिटॅमिन के चे इंजेक्शन महत्त्वाचे. एक किलोपेक्षा जास्त वजनाच्या बाळाला १ मिलिग्रॅम, त्याहून कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम. सरकारी बाळंतपणात ते फुकट मिळते. "के चे इंजेक्शन दिले का?" हे विचारा आणि कार्डावर नोंद बघा.

वस्तीतला एक अनुभव

आमच्या माहितीतले एक कुटुंब. बाप नाक्यावर उभा राहून काम मिळवणारा, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी सहा आठवड्यांची असताना आशाताई शेवटच्या भेटीला आल्या. बाळाचे कपडे काढून वजन करताना त्यांनी अंगावरचे लाल डाग मोजले. आठ निघाले. आजी म्हणाली, "उष्णतेचं आहे ते, दूध सुधारलं की जाईल." आशाताईंनी वाद घातला नाही. "आजी, उष्णता असली तर फोटोत काहीच दिसणार नाही, मग आपण निवांत. पण एकदा बघून घेऊ," एवढेच म्हणाल्या.

सोनोग्राफीत यकृतभर ठिपके दिसले. रक्तात थायरॉइड कमी निघाले. पहिल्या रुग्णालयाने तीन चकरा मारायला लावल्या. प्रत्येक चकरेला बापाचा एक खाडा आणि दोघांचे भाडे. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "आता नाही जायचं. पोरगी तर हसतेय." इथेच बरीच लेकरे सुटून जातात. वस्तीतल्या महिला मंडळाने त्या दिवशी दोन गोष्टी केल्या. भाड्याचे पैसे गोळा केले आणि आरोग्यमित्राशी बोलता येईल अशी एक शिकलेली मुलगी सोबत पाठवली. औषध सुरू झाले. आज ती पोर दीड वर्षाची आहे, भिंत धरून न धरता चालते, आणि तिचे शेवटचे सोनोग्राफीचे कागद तिच्या आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलेत.

दोष कोणाचा?

कोणाचाच नाही. ग्रहणात भाजी चिरली, डोहाळ्यात अमुक खाल्ले, जिना चढली, यातल्या कशानेही बाळाच्या यकृतात गाठ होत नाही. सुनेला बोल लावणे थांबवा. बाळंतिणीला घासभर जेवण आणि दोन तास झोप मिळाली तर बाळाला त्याचा जास्त उपयोग.

पोट फुगले म्हणून घुटी, हिंग, गुटगुटीच्या बाटल्या, झाडपाल्याचा रस पाजू नका. यकृत आधीच आजारी असताना त्याच्यावर आणखी भार पडतो. चटके देणे तर अघोरी. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देतात, त्याला डंबा म्हणतात, आणि त्यात होरपळलेली लेकरे दवाखान्यात येतात. आपल्याकडे चटका नसेल, पण ताईत, अंगारा, दृष्ट काढणे यात चार दिवस घालवणे हाही उशीरच.

कधी धावायचे?

पुढीलपैकी एकही दिसले तर वाट पाहू नका :

• पोट दिवसेंदिवस फुगते, ताणून चकाकते, त्यावर शिरा दिसतात.
• श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगे पडतात.
• दूध ओढताना बाळ दमते, घामेजते, वजन वाढत नाही.
• बाळ पांढुरके पडते, किंवा बेंबीतून, नाकातून, शीतून रक्त जाते.
• ताप येतो किंवा अंग गार पडते, बाळ सुस्त होते.
• कावीळ १४ दिवसांनंतरही राहते, शी पांढुरकी किंवा मातकट होते, लघवीने लंगोट पिवळा होतो.

शेवटचा मुद्दा गाठीचा नसला तरी यकृताचाच आहे. पित्ताचा मार्ग बंद झाल्याची ती खूण असू शकते. त्यावरचे कासाई ऑपरेशन बाळ ६० दिवसांचे होण्याआधी झाले तर यशाची शक्यता जास्त असते. म्हणून "उन्हात धरा, उतरेल" यावर महिना घालवू नका. रोज शीचा रंग बघा.

रुग्णालयाची वाट

आशाताईंच्या घरभेटी जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. त्या आल्या की बाळाचे कपडे काढून पूर्ण अंग दाखवा. घाईच्या वेळी १०८ ला, आईबाळाच्या वाहनासाठी १०२ ला फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात औषधे, तपासण्या आणि प्रवास मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा विशेष विभाग असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, ते बाळाला पुढे पाठवू शकते.

मोठ्या उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्यालाच भेटा. बाळाचे नाव रेशनकार्डावर नाही म्हणून परत फिरू नका. जन्माचा दाखला, आईबापाचे आधार आणि रेशनकार्ड दाखवून काय करता येईल ते विचारा. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवा विभागात ही मागणी लेखी करा. ती मेहेरबानी नाही. मुंबईत परळला लहान मुलांचे वाडिया रुग्णालय आणि कॅन्सरसाठी टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. टाटामध्ये मुलांच्या कॅन्सरचा स्वतंत्र विभाग आहे आणि पैशाअभावी उपचार सुटू नयेत म्हणून तिथले समाजसेवक मदत करतात.

डॉक्टरांसमोर गेल्यावर पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. गाठीचे नाव काय? एक आहे की अनेक? हृदय आणि थायरॉइड तपासले का? पुढची सोनोग्राफी कधी? कोणत्या लक्षणाला रात्री-अपरात्रीही यायचे? उत्तर कळले नाही तर पुन्हा विचारा. समजेल अशा भाषेत सांगा, असे म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. कोणी अरेरावी केली तर बाळाला घेऊन घरी येऊ नका. वैद्यकीय समाजसेवक किंवा अधीक्षकांकडे जा. सगळे कागद तारखेप्रमाणे एका फाइलीत ठेवा, सोनोग्राफीची फिल्म गुंडाळून मोडू नका, आणि प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घरात पाणी शिरते, कागद जातात, फोटो राहतात.

आपल्या गल्लीत सध्या कोणाकडे तान्हे बाळ आहे? या आठवड्यात त्या घरी जा. बाळंतिणीला तीन गोष्टी विचारा : अंगावर लाल डाग किती, शीचा रंग कोणता, आणि पोट मऊ आहे ना. उत्तरात काही खटकले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार, हे तिथेच ठरवून या.